आवाज कुठवर पोचतो

आमच्या घरी जेवताना कोणी बोलत नसे. भांडण असायचं म्हणून नाही आणि शिस्त म्हणूनही नाही. गोंडपिपरीतल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे बाबांची लाकूड कापायची आरागिरणी होती. सकाळी तेलाचं इंजिन धडधडू लागलं की संध्याकाळी ते थांबेपर्यंत तोंडाने बोलून काही उपयोगच नव्हता. गिरणीतले मजूर हातांच्या खुणांनी बोलत, आणि त्या खुणा कधीतरी मागच्या दाराने आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या. चिमूट दाखवली की मीठ, ओंजळ दाखवली की पाणी. हवेत बोट गोल फिरवलं की 'आरा चालू'. पंजा वर धरून मूठ मिटली की 'बंद'. जेवताना मूठ मिटली की पोट भरलं असं समजायचं. ब्रह्मपुरीचा मामा आला की हसायचा. म्हणायचा, "तुमच्या घरी जेवाले बसलं का वाटते, सारे माह्यावर रुसून बसले."

आवाजाइतकाच भुसा. सागाचा बारीक, पिवळसर भुसा पाण्याच्या माठावर, अंथरुणात, देवाच्या फोटोवर, भाताच्या पातेल्यावर असायचा. स्वयंपाकही त्याच्यावरच व्हायचा. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून चहूकडून भुसा ठोकून भरायचा, मग बाटली अलगद वर ओढून काढायची आणि खालून पेटवायचं. त्या शेगडीवर लाखोळीची डाळ तासन्‌तास रटरटत राहायची आणि अंबाडीच्या भाजीला एक लाकडी वास लागायचा. लोक आज कौतुकाने विचारतात, "चुलीवरची चव काही वेगळीच असेल ना?" होती वेगळी. सुताराच्या दुकानात बसून जेवल्यासारखी होती. मला तिची आठवण येते, पण ती पुन्हा नको आहे.

बाबांना ऐकू येत नाही, असं आमच्या घरात कोणी म्हणत नसे. "बाबा कामात आहेत" असं म्हणत. वयाच्या पंचविशीपासून आऱ्याच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस. त्याच्या कानांचं काय व्हायचं ते झालंच होतं. पण तेही बोलत नसत आणि आम्हीही नाही. मोटार चालवताना मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही आणि गाडी थोडक्यात वाचली, तेव्हाही त्यांनी मला एवढंच सांगितलं, "शके, आता तूच चालवत जा. माहे डोळे थकले." मी नुकतीच परवाना काढायच्या वयाची झाले होते. गावात मुलगी मोटार चालवते म्हणून लोक उंबऱ्यात येऊन बघत. मला त्यात काही शौर्य वाटायचं नाही. घरातल्या कामात एक काम वाढलं, एवढंच.

ती मोटार विलायती बनावटीची, काळी, गोल मडगार्डांची. जंगलाची कामं घेणाऱ्या एका म्हाताऱ्या ठेकेदाराने ती बाबांच्या गळ्यात मारली होती, पण बाबांनी ती हौसेने गळ्यात घालून घेतली, कारण त्यांना ती मायसाठी हवी होती. मायचं डोकं दुखायचं. सकाळी आरा लाकडात शिरला की तिच्या कपाळाची शीर उडायला लागायची. शेतातल्या बोंडातला कापूस ती कानात घालायची, वरून पदर आवळून बांधायची आणि तशीच दिवसभर वावरायची. सासरी आली तेव्हा ती गाणी म्हणायची असं मामा सांगायचा. मी तिला गाताना कधी पाहिलं नाही. बाजाराच्या दिवशी दुपारी गिरणी मिस्त्रीवर सोपवून बाबा तिला गाडीत बसवायचे आणि जंगलाच्या रस्त्याने हिंडवून आणायचे. "तुले शांत वाटन," असं मोठमोठ्याने म्हणायचे. माय मागच्या सीटवर बसायची आणि घरी परतली की जास्तच पांढरी दिसायची. काही महिन्यांनी तिने बाजाराच्याच दिवशी पापड लाटायला घ्यायला सुरुवात केली.

मग संक्रांतीला ती माहेरी ब्रह्मपुरीला गेली आणि आली नाही.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, थंडी आहे, राहील थोडी. मग थंडी सरली. मी सकाळी उठून शेगडी भरायची, डाळ चढवायची, मजुरांचा चहा करायची, बाबांचे भुशाने कडक झालेले कपडे आपटायची आणि रात्री भिंतीला पाठ लावून बसले की तिथेच झोपून जायची. अठरा-एकोणिसाव्या वर्षी मुलींना म्हणे स्वप्नं पडतात. मला पडायची त्यात मी फक्त झोपलेली असायची. एक दिवस मामा एसटीने आला. बाबांसमोर त्याला नीट बोलता येईना, कारण ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. मला विहिरीकडे बोलावून त्याने सांगितलं, "शके, बाईचा काही परत यायचा विचार दिसत नाई. मी लय समजावलं. म्हणते, 'ते गाडी घेऊन येतीन. त्या गाडीत मी बसणार नाई.'"

हे मी बाबांना सांगितलं, अर्थात खुणांनी आणि थोडं कानाशी ओरडून. त्यांचा चेहरा पडला. "माह्या गाडीत काऊन नाई बसत? एसटीत चालते तिले?" मी म्हटलं, "बाबा, गाडी वाजते." ते म्हणाले, "गाडी हाये, वाजनच." मग मला राहवलं नाही. मी जॅक लावून मागची चाकं उचलली, इंजिन चालू करून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली, रेस धरायला मजुराला बसवलं आणि बाबांना हाताला धरून मागे नेलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी मडक्यासारखा एक फुगवटा असतो. त्याला डिफरेन्शियल म्हणतात. इंजिनाची ताकद तिथे वळते आणि दोन्ही चाकांकडे वाटली जाते. आत एक मोठं दातेरी चाक, त्याला क्राऊन म्हणतात, आणि एक लहान, त्याला पिनियन. दात झिजले की ते वेगात रडायला लागतं. मी सागाची एक लांब काठी त्या मडक्यावर टेकवली आणि दुसरं टोक बाबांच्या तळहातात दिलं.

त्यांनी मूठ आवळली. मग हळू म्हणाले, "ही तं आऱ्याची थरथर हाये." त्यांनी गाडीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. मायची बसायची जागा त्या मडक्याच्या बरोबर वर होती. गावापासून लांब, शांततेत म्हणून जिला ते नेत होते, तिला ते आऱ्यावरच बसवून नेत होते. त्या दिवशी त्यांनी जेवताना पहिल्याच घासाला मूठ मिटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन चंद्रपूरला हमीदभाईंच्या गॅरेजात गेलो. हमीदभाई मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे आणि प्रत्येक गाडीच्या मालकाशी भांडणारे. त्यामुळे बाबांचं त्यांच्याशी छान जमायचं. त्यांचं बोलणं निम्मंअर्धं तरी ऐकू यायचं. मडकं उघडून त्यांनी बघितलं आणि सांगितलं, लहान चाक जास्त झिजलंय, पण बदलायची तर दोन्ही चाकं. "सेठ, ये जोडी है. कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेली असते. हिच्यातलं एक, तिच्यातलं एक, असं चालत नाही." बाबा ऐकेनात. बाबा आरेवाले होते. "आमच्या पात्याचा एक दात बोथट झाला तं आमी त्या दातालेच कानस लावतो. आख्खं पातं फेकत नाई. लहान चाक खराब हाये ना? लहानच बदला." हमीदभाईंनी कपाळाला हात लावला आणि बदललं. परतताना गाडी रेस दिली की रडत होती, शिवाय आता रेस सोडली की गुरगुरतही होती. आधी एक जनावर होतं, त्याची दोन झाली. मी गाडी चालवता चालवता रडले. कंटाळ्यानेच रडले, दुसरं काही नाही. बाबा शेजारी बसून समाधानाने रस्ता बघत होते. घरी पोचल्यावर मी पुन्हा काठी त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या सकाळी ते गाडीत जाऊन बसले ते माझ्याही आधी.

या खेपेस हमीदभाईंनी, आम्ही परत येणार हे ओळखून, भंगारवाल्यांकडून जुळलेल्या जोड्या जमवून ठेवल्या होत्या. "गाडी विकायची असेल तर सांगा," ते म्हणाले, "मडक्यात भुसा भरून देतो. गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत अशी चूप राहील की क्या कहने. तुमच्याकडे तो भुसेकी कमी नही." बाबांच्या डोळ्यांत एक क्षण चमक आली तशी मी जोरात नाही म्हणून मान हलवली. मग काम सुरू झालं. जोडी बसवायची, मोठ्या चाकाच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, हाताने फिरवायचं आणि लहान चाकाच्या दातांनी शेंदूर कुठे पुसला ते बघायचं. खूण दाताच्या मधोमध पडली तर ठीक. कडेला पडली तर पातळ पत्र्याच्या चकत्या घालून-काढून पुन्हा. शेंदूर संपला की मी मारुतीच्या देवळासमोरच्या दुकानातून आणायची. दुकानदार बाईला वाटलं मी नवस बोलले आहे. मी म्हटलं, हो.

शेवटी दोन जोड्या उरल्या. एक खाणीकडच्या गाडीची, दणकट, ओढीची. भरल्या गाडीने नाला चढेल अशी, आवाज थोडासा. दुसरी कोणा हौशी माणसाच्या लांबच्या प्रवासाच्या गाडीची. तिच्यात इंजिनाला कमी फिरावं लागे, म्हणून गाडी शांत धावे. पण चढावर दम नाही. बाबांनी पहिलीवर हात ठेवला. सवयच ती, आयुष्यभर ओंडके ओढलेले. "चढाले कामी येईन. थोडासा आवाज तं चालते." मी म्हटलं, "तुम्हाले चालते, बाबा." असं मी त्यांना याआधी कधी बोलले नव्हते. त्यांना ते ओठांवरून समजलं असावं. त्यांनी हात काढून घेतला आणि मला खुणेने विचारलं, मग कोणती? दोन्ही बसवून, दोन्ही वेळा मागच्या सीटवर, मायच्या जागेवर बसून मी रामाळा तलावाच्या रस्त्याने फेरी मारून आले. हमीदभाई चालवत होते. मी डोळे मिटून बसायची. दुसऱ्या जोडीच्या वेळी गाडी वेगात आली आणि मला काहीतरी किणकिणताना ऐकू आलं. माझ्याच हातातल्या बांगड्या होत्या. परत आल्यावर मी बाबांसमोर पंजा धरला आणि मूठ मिटली. हमीदभाई म्हणाले, "बेटी, नाल्यावर रडशील." मी म्हटलं, "ढकलू."

ही गाडी आता नागपूरला माझ्या मुलाकडे आहे. तिला आता क्लासिक म्हणतात आणि लग्नाच्या जोडप्यांना तिच्याजवळ उभं राहून फोटो हवे असतात. परवाच त्याचा फोन होता, "आई, मागचा अख्खा अॅक्सल नवीन बसवू का? हल्ली एकदम सायलेंट मिळतात." मी त्याला म्हटलं, तेल बदल, बेअरिंग बघ, पण ती जोडी काढू नकोस. का, ते फोनवर सांगता येईना. माझ्याही कानाचं यंत्र हल्ली टेबलाच्या खणातच असतं, त्यामुळे फोनवर मी थोडक्यात आटोपते.

त्या फाल्गुनात आम्ही ब्रह्मपुरीला गेलो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि कानामागचा भुसा साबणाने काढला होता. मामाच्या अंगणात माय धान पाखडत बसली होती. ती भरली होती. गाल वर आले होते. कानांत कापूस नव्हता. तिने सूप खाली ठेवलं, गाडीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "एकदा बसून पाहा. रडली तर वाटेतल्या मूल गावाहून एसटीने परत ये. मी स्वतः बसवून देईन." मामीने वाटेत खायला पानग्या बांधून दिल्या. माय बसली ती दाराची कडी धरून.

सिंदेवाही मागे पडेपर्यंत तिने ती कडी सोडली नाही. बाबा पुढे माझ्या शेजारी बसून सारखे मागे वळून तिचा चेहरा बघत होते, पाटावर बसलेल्या नवरदेवाने बघावं तसे. मग मायने कडी सोडली आणि ती बोलायला लागली. मामाच्या म्हशीबद्दल, मामीच्या गुडघ्यांबद्दल, वैनगंगेच्या रेतीत लावलेल्या टरबुजांबद्दल. माझी आई एवढी लांब वाक्यं बोलते हे मला माहीतच नव्हतं. बाबांनी मला विचारलं, "का म्हणते?" मी म्हटलं, "म्हशीचं सांगते." ते खूश झाले. पुढे एका कोरड्या नाल्याच्या चढावर गाडीने दम टाकलाच. मोहफुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका हसत हसत उठल्या, त्यांनी आणि बाबांनी मिळून ढकलली. माय खाली उतरून हसत होती. एका बाईने तिच्या ओच्यात मूठभर मोहफुलं टाकली. सगळी गाडी त्या गोड, जडसर वासाने भरून गेली आणि मला वाटलं, झालं. आणली आपण तिला घरी.

गावाच्या अलीकडे एक पूल आहे. दोन्ही बाजूंना पळस. तिथे पोचलो आणि तो आवाज पुन्हा यायला लागला. बारीक, लांबट, रडका. जोडी गेली, असं मला वाटलं. एवढं सगळं करून गेली. मी रेस सोडली. आवाज बदलला नाही. गिअर काढला. बदलला नाही. मी कडेला घेऊन इंजिनच बंद केलं, तरी तो तसाच येत होता.

"गाडी नोहय वं, शके," माय म्हणाली. "आरा हाये."

तिने पदर काढून कानांवरून घेतला आणि आवळून बांधला. ओच्यातली मोहफुलं खाली सांडली. आधीच्या फेऱ्यांत गाडीच एवढी वाजायची की आरा कुठे सुरू होतो ते तिला कळत नसे. आता गाडी शांत होती, म्हणून तो इतक्या लांबून ऐकू आला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मी इतकी दमले होते की मला वाटलं, आता कोणीतरी दुसऱ्याने चालवावी.

बाबा मागे वळले. "का झालं? वाजते का गाडी?" मी नाही म्हणून मान हलवली. "मंग?" मी बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं. त्यांना कळेना. त्यांनी गावाच्या दिशेने पाहिलं. तिकडे नुसता पळस होता, गिरणीचं छप्परसुद्धा दिसत नव्हतं. ते गाडीतून उतरले, पुलावर जाऊन उभे राहिले, आणि कानाने येत नाही ते पायाने येईल अशा आशेने चप्पल काढून अनवाणी उभे राहिले. मग परत येऊन मायच्या खिडकीशी वाकले.

"इथपर्यंत येते?" त्यांनी विचारलं.

मायने मान डोलावली.

"रोज?"

तिने पुन्हा डोलावली. माझ्या बाबांनी हयातभर तो आवाज केला होता आणि तो किती लांब जातो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आधी त्यांना ऐकू येत नाही हे म्हणावं लागलं असतं. ते खिडकीची काच धरून उभे होते.

"फिरव गाडी," ते मला म्हणाले.

मी गाडी उलट ब्रह्मपुरीच्या रस्त्याला फिरवली. माय घाबरून माझ्याकडे बघू लागली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी थांबायला सांगितलं, इंजिन बंद करायला लावलं आणि मागे वळून मायसमोर बोट फिरवलं. "इथी?" मायने मान डोलावली. पुन्हा पुढे. मोठ्या मोहाच्या झाडाजवळ थांबलो. "इथी येते?" येत होता, बारीक. एका बांधाशी थांबलो. येत होता, वाऱ्याबरोबर, मधूनच. ते चिडले नाहीत, थकले नाहीत. प्रत्येक ठिकाणी तेच बोट, तोच प्रश्न. उन्हं उतरली. रस्ता एका वळणावर खाली जातो, तिथे आम्ही थांबलो. मायने पदर सोडला. मान तिरकी करून कान दिला. मग तिने पंजा वर धरला आणि मूठ मिटली.

बाबांनी सीटखालून ती सागाची काठी काढली, रस्त्याच्या कडेला गेले आणि दोन्ही हातांनी जमिनीत रोवली. "मंग इथीच," ते म्हणाले.

त्या वर्षी पावसाच्या आधी तिथे आमचं घर झालं, आमच्याच गिरणीच्या फळ्यांचं. सकाळी मी बाबांना गाडीने गिरणीत सोडायची आणि आरा बंद झाला की घेऊन यायची. गाडी चढावर ढकलावी लागायची ती लागायचीच. संध्याकाळी माय ओट्यावर बसायची, बाबा तिच्या समोर बसायचे आणि हाताने विचारायचे, आता काय ऐकू येतं? ती सांगू लागायची आणि अडायची. होल्याच्या घुमण्याची, रातकिड्यांची, लांबून जाणाऱ्या बैलांच्या गळ्यातल्या घाटीची खूण गिरणीत कोणी केलेलीच नव्हती. त्या सगळ्या खुणा तिला नव्याने कराव्या लागल्या.